काळजी करणे, काळजी घेणे

एप्रिल २०२० मध्ये मी हैदराबादेत घरी बसून एका स्वयंसेवी गटासाठी आठ पानांची एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणत होते. महामारीच्या दिवसांत मनावर येणारा ताण आणि त्याला तोंड कसे द्यावे, हा तिचा विषय. मजकूर साधा होता. जागतिक आरोग्य संघटनेने त्या मार्चमध्ये ज्या सूचना प्रसिद्ध केल्या होत्या, त्यांच्याच आधाराने तो लिहिला होता. बातम्या दिवसातून एकदोनदाच पाहा, झोपेच्या वेळा पाळा, आप्तांशी फोनवर बोलत राहा, आजारी माणसाला 'केस' म्हणू नका, जमेल तशी दुसऱ्याला मदत करा. दोन दिवसांत होईल असे वाटलेले काम आठवडाभर लांबले, कारण मी पहिल्याच पानावर अडले होते. 'कोपिंग' या शब्दाला मराठीत काय म्हणायचे?

'सामना करणे' लिहिले तर लढाईचा आवाज येतो, आणि त्या दिवसांत दूरचित्रवाणीवर लढाईची भाषा पुरेशी चालली होती. 'तोंड देणे' जवळचे होते, पण मुखपट्टीच्या काळात ते विनोदी वाटू लागले. 'निभावणे', 'दिवस काढणे', 'धीर धरणे' हे सगळे आपापल्या जागी खरे होते, पण पुस्तिकेतल्या तंत्रांच्या यादीला यांपैकी एकही शोभत नव्हते. शेवटी 'ताणाशी जुळवून घेणे' असे काहीतरी लिहून मी मोकळी झाले.

पुस्तिका तयार झाल्यावर मी ती फोनवर मिरजेला वाचून दाखवली. तिथे माझी आई राहते. तिचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. तिच्याबरोबर सहा वर्षांपासून एक मावशी असत. टाळेबंदी लागली तेव्हा गावाकडे जाणारी एसटी बंद झाली म्हणून त्या आमच्याच घरी राहिल्या होत्या. आईला फोनवर नीट ऐकू येत नाही, त्यामुळे ऐकण्याचे काम मावशींकडे आले. दीर्घ श्वासाचा परिच्छेद, बातम्यांचा परिच्छेद, सगळे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "ताई, यात आजींच्या गोळ्या कुठनं आणायच्या ते हाय का?"

ते नव्हते. नेहमीचे औषधांचे दुकान बंद होते आणि मला ते माहीतही नव्हते. माझ्या मनात मात्र आईविषयी इतकी भीती साठली होती की मी रात्र रात्र जागी असे. त्या एका प्रश्नाने मला मराठीतला एक फरक नव्याने दिसला. तो फरक हाताशी धरून मी गेली काही वर्षे महामारीविषयीचे भारतीय साहित्य पुन्हा वाचते आहे. हा लेख त्या वाचनाविषयी आहे.

मराठीत 'काळजी' या एका नामाला दोन क्रियापदे लागतात आणि अर्थाचे दोन वेगळे रस्ते फुटतात. काळजी करणे आणि काळजी घेणे. शिवाय काळजी वाटते, काळजी लागते, काळजीने माणूस पोखरतो. काळजी करायला जवळ असावे लागत नाही. हैदराबादेत बसून मिरजेची काळजी करता येते, किंबहुना अंतर असले की ती जास्त करता येते. काळजी घ्यायची म्हटली की अंतर चालत नाही. तिला हात लागतात, वेळ लागतो, गोळ्यांचे दुकान लागते. २०२० आणि २०२१ मध्ये आपला प्रत्येक संदेश 'काळजी घ्या' या शब्दांनी संपत होता. त्याचा खरा अर्थ बहुतेक वेळा 'मी काळजी करते आहे' एवढाच असे.

हा मराठीचा खास चमत्कार आहे असे मला म्हणायचे नाही. इंग्रजीतल्या 'केअर'ला जुन्या भाषेत दुःखाचा, चिंतेचा अर्थ होता. जर्मनमधला 'झोर्गे' आजही दोन्हीकडे वावरतो. हिंदीत मात्र वाटणी झालेली आहे: 'चिंता' एकीकडे, 'ख़याल रखना' दुसरीकडे. मी ज्या शहरात राहते तिथल्या दखनीत 'फिकर नक्को' हे दिवसातून दहादा ऐकू येते, पण ती 'फिकर' घेता येत नाही. कन्नडमध्ये 'काळजी' आहेच. पुराच्या वेळी कर्नाटकात उघडल्या जाणाऱ्या मदत-छावण्यांना 'काळजी केंद्र' म्हणतात. कृष्णेच्या पुराची सवय असलेल्या मिरजेच्या माणसाला सीमेपलीकडची ती पाटी वाचून हसू येते आणि थोड्या वेळाने तिचा हेवा वाटतो. चिंतेचे केंद्र कोणी उघडत नाही. उघडायचे ते घेण्याचे केंद्र.

आता पुस्तकांकडे येते. राजिंदरसिंह बेदी यांची 'क्वारंटीन' ही उर्दू कथा २०२० मध्ये पुष्कळांनी शोधून वाचली. प्लेगची साथ आहे, आणि लोकांना प्लेगपेक्षा क्वारंटीनचीच दहशत अधिक आहे. तिकडे नेतील म्हणून लोक आजार लपवतात, आणि जे तिकडे जातात त्यांना आजाराइतकेच ते ठिकाण मारते. कथा सांगणारा डॉक्टर बक्षी याच केंद्रात काम करतो. त्याची कामगिरी कमी नाही. पण बेदी त्याला घरी आल्यावरही आपल्याला दाखवतात. तो जंतुनाशकाने चुळा भरतो, पोट जाळणारी कॉफी किंवा ब्रँडी पितो. घसा थोडा खराब झाला की प्लेगची लक्षणे दिसू लागली असे त्याला वाटते. आपल्याला प्लेग होईल आणि मग आपणही क्वारंटीनमध्ये जाऊ, या विचाराने तो हादरतो. पहिल्या लाटेत ज्यांनी तासातासाला कपाळाला हात लावून पाहिला, त्यांना हे वर्णन दुसऱ्या कोणाचे वाटणार नाही.

या डॉक्टरासमोर बेदी भागूला उभे करतात. भागू झाडूवाला आहे, ख्रिस्ती झालेला आहे. पहाटे तीनला उठतो, थोडी दारू पितो, गल्ल्यांत चुना टाकतो, आणि जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांची कामे करून देतो. पुढे तो क्वारंटीनमध्येच काम करू लागतो. एकदा प्रेतांच्या ढिगात टाकलेला एक माणूस अजून जिवंत आहे हे त्याच्या लक्षात येते. पेटलेल्या आगीतून तो त्याला ओढून काढतो आणि त्यात स्वतः भाजतो. तो माणूस पुढे जगत नाही. भागूच्या बायकोला प्लेग होतो, डॉक्टर येतो, तीही वाचत नाही. भागू कामाला परत जातो, पूर्वीपेक्षा जास्त काम करतो. साथ ओसरते. शहरात डॉक्टरचा सत्कार होतो, हार पडतात, थैली मिळते. रात्री भागू त्याचे अभिनंदन करायला घरी येतो.

ही कथा सहसा 'खरा नायक कोण' या प्रश्नासाठी वाचली जाते. शाळेतल्या वाचनाला ते ठीक आहे. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते भाषेचे वाटप. भीतीची भाषा सगळी डॉक्टरकडे आहे. घशाची कोरड, रात्रीचे विचार, शरम, हे सारे त्याच्या 'मी'मधून येते. भागूला भीती वाटली का, बायको गेल्यावर तो झोपू शकला का, हे आपल्याला आतून कळत नाही. कळते ते एवढेच की तो कामाला आला. काळजी करणाऱ्याजवळ शब्द आहेत, आणि काळजी घेणाऱ्याजवळ कामाचा हिशेब. बेदींना हे ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी कथा डॉक्टरच्या तोंडी ठेवली असावी. भागूच्या तोंडी ती दिली असती तर डॉक्टरची शरम आपल्यापर्यंत आलीच नसती, आणि लेखकाने भागूच्या मनात शिरल्याचा एक खोटा दावा मात्र झाला असता.

ही कथा मराठीत करून पाहताना मी एका सर्वनामावर थांबले. उर्दूत डॉक्टर भागूला 'तुम' म्हणतो, ते मराठीत काय करायचे? 'तू' केले तर मालकी येते, 'तुम्ही' केले तर असा आदर येतो जो कथेच्या सुरुवातीला डॉक्टरच्या मनात नाही. उर्दू-हिंदीतल्या 'तुम'ची मधली खोली मराठीच्या घरात नाही. मी पूर्वार्धात 'तू' ठेवले आणि शेवटच्या रात्री डॉक्टरच्या तोंडी 'तुम्ही' घातले. महिन्याभराने ते काढून टाकले. डॉक्टरला इतक्या स्वस्तात सुटका देण्याचा अधिकार अनुवादकाला नाही, असे वाटले.

दुसरे पुस्तक आपल्या घरचे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. तिची सुरुवात महामारीची नाही, पण २०२० मध्ये ती पाने उघडली आणि मी चकित झाले. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७च्या धामधुमीनंतर इंग्रजांनी फाशी दिले. त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या, नानांच्या, डोक्यात सोवळ्याने घर केले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, मग ती धुण्याजोगी असो वा नसो. शिवाशिवीच्या धाकात सगळे घर वावरू लागले. आपण ही प्रकरणे लहानपणापासून हसत वाचत आलो आहोत. त्या एप्रिलमध्ये मात्र मी स्वतः दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होते, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवत होते, वर्तमानपत्र उन्हात टाकत होते. पुस्तक वाचता वाचता मी उठून हात धुऊन आले, आणि परत बसल्यावर आपण काय केले ते लक्षात आले.

नानांच्या सोवळ्याकडे धर्मवेड म्हणून पाहण्याची आपली रीत आहे, आणि त्यात जातीची क्रूरता होती हे विसरता येणार नाही. तरी लक्ष्मीबाईंनी त्याचे मूळ फाशीत दाखवले आहे, हे आपण पुरेसे वाचलेले नाही. बाहेरच्या जगाने एका फटक्यात माणूस नेला. त्या जगावर नानांची सत्ता चालत नव्हती. ती फक्त उंबरठ्याच्या आत येणाऱ्या वस्तूंवर चालत होती. म्हणून सगळी भीती वस्तू धुण्यात ओतली गेली. आज ज्याला तज्ज्ञ चिंतेचा विकार म्हणतील, त्याचे इतके नेमके चित्र मराठीत दुसरीकडे मला सापडलेले नाही, आणि ते कोणत्याही वैद्यकीय शब्दाशिवाय काढलेले आहे.

पण इथेही करणे आणि घेणे यांची वाटणी तशीच आहे. नाना काळजी करतात, धुण्याभरण्याचे कष्ट घरातल्या बायकांचे. उपास घडतो तो मुलांना. लक्ष्मीबाईंचा विनोद हा त्या मुलांपैकी एकीचा विनोद आहे, कितीतरी वर्षांनी केलेला. संकटात विनोदबुद्धी शाबूत ठेवा असा सल्ला देताना आपण लक्ष्मीबाईंचे नाव घेतो. त्यांचा विनोद त्या क्षणाचा नाही, हे मात्र आपण गाळतो. त्या क्षणी ते मूल भुकेले होते.

यू. आर. अनंतमूर्ती यांची 'संस्कार' (१९६५) ही कन्नड कादंबरी भारतभर वाचली गेली, तिच्यावर भरपूर लिहिलेही गेले, बहुतेक ब्राह्मण्य, कामना आणि अस्तित्ववाद या अंगांनी. महामारीच्या काळात वाचताना तिचे दुसरेच अंग पुढे येते. नारणप्पा शिवमोग्ग्याहून ताप घेऊन येतो आणि मरतो. त्याने आचार सोडलेला असल्यामुळे त्याच्यावर अंत्यसंस्कार कोणी करायचे हा प्रश्न पडतो. अंत्यसंस्कार होईपर्यंत अग्रहारात कोणाला जेवता येत नाही. उंदीर मरून पडत आहेत, गिधाडे छपरांवर उतरत आहेत, आणि ब्राह्मण त्यात अपशकुन वाचत आहेत. प्लेग आला आहे हे वाचकाला त्यांच्या आधी कळते. प्राणेशाचार्य उत्तरासाठी पोथ्या चाळतात, मग मारुतीसमोर कौल मागत बसतात. उत्तर येत नाही.

दरम्यान प्रेत घरात पडून आहे. ते हलवण्याचे काम शेवटी चंद्री करते. ती नारणप्पाची रखेल म्हणून हिणवलेली बाई. अहमद बारी या मुसलमान मासळी-व्यापाऱ्याच्या मदतीने ती रात्रीत दहन उरकते आणि निघून जाते. अग्रहाराला याचा पत्ताही नाही. प्रेत अजून तिथेच आहे असे धरून पुढे कितीतरी काळ चर्चा, उपास आणि भीती चालू राहते. या उपरोधाचा मला २०२० मध्ये पहिल्यांदा धक्का बसला. ज्या गोष्टीची सगळे काळजी करत आहेत ती गोष्ट होऊन गेलेली आहे, कोणीतरी करून टाकली आहे, आणि जिने केली तिला विचारायचे कोणाला सुचलेले नाही. माहितीचा महापूर असलेल्या काळात आपणही पुष्कळदा त्या अग्रहारासारखे वागलो. ऑक्सिजनविषयी आपल्याला आकडे माहीत होते. सिलिंडर कोण उचलून जिने चढत आहे ते माहीत नव्हते.

इथवर आल्यावर माझ्या मांडणीवर मलाच एक आक्षेप घ्यायला हवा. काळजी करणारे निष्क्रिय आणि काळजी घेणारे थोर, अशी ही सोपी विभागणी तर होत नाही ना? टागोरांच्या 'चतुरंग'मधला (१९१६) नास्तिक जगमोहन कलकत्त्यात प्लेग आल्यावर आपल्या घराचेच रुग्णालय करतो आणि त्यातच मरतो. तो सुशिक्षित आहे, विचार करणारा आहे, त्याच्याजवळ भाषा भरपूर आहे. म्हणजे भाषा असली की हात लुळे पडतात असे नाही. उलट बाजूने पाहिले तर भागू आणि चंद्री यांना पवित्र करून ठेवणे ही आपल्यासारख्या वाचकांची सोय असते. त्यांना नमस्कार केला की त्यांचे वेतन, त्यांची रजा, त्यांचा स्वतःचा ताप यांविषयी बोलावे लागत नाही. थाळ्या वाजवणे सोपे होते, ते याच कारणाने.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. काही वेळा घेण्यासारखी काळजी उरतच नाही. निराला यांच्या 'कुल्ली भाट'मध्ये (१९३९) १९१८च्या इन्फ्लुएन्झाचा भाग येतो. त्या साथीत हिंदुस्थानात कोटीहून जास्त माणसे मेली. निराला तेव्हा विशीच्या आसपास होते, बंगालात नोकरीला. पत्नीच्या आजाराची तार आली. ते डलमऊला पोचले तेव्हा ती गेलेली होती. मग घरातली माणसे एकामागून एक गेली. गंगा प्रेतांनी भरलेली होती. ते काठावरच्या टेकाडावर जाऊन बसत आणि प्रवाहाकडे पाहत राहत. त्या पानांत धीराचे कोणतेही तंत्र नाही, सांत्वन नाही, सेवेतून मिळालेला अर्थही नाही. ज्यांची काळजी घ्यायची ती माणसेच उरली नाहीत. पुस्तक एरवी खट्याळ आहे, आणि त्या खट्याळ पुस्तकाच्या मधोमध हा तुकडा कोरडा ठेवलेला आहे.

मे २०२१ मध्ये गंगेत प्रेते दिसू लागली तेव्हा पुष्कळांना निराला आठवले. त्याच दिवसांत पारुल खक्कर यांची 'शववाहिनी गंगा' ही छोटी गुजराती कविता प्रसिद्ध झाली आणि थोड्याच दिवसांत अनेक भारतीय भाषांत गेली. कवयित्रीला शिव्याशाप सहन करावे लागले. अनुवादकांनी ती कविता ज्या वेगाने हातोहात नेली, तसा वेग मी आमच्या धंद्यात क्वचित पाहिला आहे. मानधन नाही, मुदत नाही, कोणी सांगितलेले नाही. तिने कोणाचा ताण हलका झाला असे मी म्हणणार नाही. पण जे दिसत होते ते दिसत आहे असे कोणीतरी म्हणाले, आणि आपल्या भाषेत म्हणाले, याची त्या आठवड्यात लोकांना गरज होती. पाहणे आणि पाहिलेले सांगणे हाही मेलेल्यांची काळजी घेण्याचा एक प्रकार असेल. निराला टेकाडावर बसले ते कदाचित यासाठीच.

महामारीत लोकांनी मन कसे सांभाळले याचे उदाहरण देताना सावित्रीबाई फुल्यांचे नाव घेतले जाते. १८९७च्या प्लेगात मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यासाठी रुग्ण आणता आणता त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या अखेरच्या दिवसांत त्यांना काय वाटत होते, हे आपल्याला त्यांच्या शब्दांत ठाऊक नाही. मात्र त्याच्या वीस वर्षे आधी, १८७७च्या दुष्काळात, जुन्नर भागातून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र आपल्याजवळ आहे. ते मी आता पुन्हा वाचते तेव्हा त्यात ताण कुठे आहे ते शोधते. तो आहे, पण माणसे आणि जनावरे यांच्या हालांच्या वर्णनात आहे, सत्यशोधक कार्यकर्ते काय करत आहेत आणि कोणाशी झगडत आहेत त्या वृत्तांतात आहे. 'मला काळजी वाटते' या वाक्याची जागा तिथे कामाच्या तपशिलाने घेतली आहे. इथे लिहिणारी आणि काळजी घेणारी बाई एकच आहे. बेदींच्या कथेत जी फारकत आहे ती अटळ नाही, हे या पत्रामुळे मला मानता येते.

पुस्तिकेकडे परत जाते. तिची मी थट्टा केली, पण ती खोटी नव्हती. बातम्या कमी पाहिल्यावर मला खरेच झोप लागू लागली. आजाऱ्याला 'केस' म्हणू नये, या एका ओळीवर तर अनुवादकाने निबंध लिहावा. आणि दुसऱ्याला मदत केल्याने मदत करणाऱ्यालाही बरे वाटते, हे वाक्य त्यात होतेच. मी ते इतर दहा वाक्यांसारखे उरकून टाकले होते. पुस्तिकेची मर्यादा वेगळी आहे. ती प्रत्येक वाक्य एकट्या माणसाला उद्देशून लिहिते: तुमचा ताण, तुमची झोप, तुमचा श्वास. वाचणाऱ्या माणसाचा ताण दुसऱ्या कोणाच्या तरी कामावर पोसलेला असू शकतो, ही शक्यता तिच्या व्याकरणात नाही.

ही शक्यता मला पुढच्या वर्षी कळली. एप्रिल २०२१च्या शेवटी आईला ताप आला आणि चाचणीत कोविड निघाला. खाट मिळत नव्हती. डॉक्टर फोनवर औषधे सांगत. मावशी दर तीन तासांनी बोटाला यंत्र लावून आकडा मला कळवत. ब्याण्णव. त्र्याण्णव. एकदा अठ्ठ्याऐंशी, त्या रात्री ओळखीच्या एका मुलाने कुठून तरी सिलिंडर आणला. मी हैदराबादेत वहीत आकडे मांडत होते, चुलत भावंडांना फोन करत होते, रडत होते. पाठीवर निजण्याऐवजी पालथे निजवा असे मी सांगायचे, आणि मावशी आईला पालथे निजवायच्या. अकराव्या दिवशी आईचा ताप गेला. त्या दिवशी बोलताना मावशींना खोकला आला. मी विचारले, "तुम्हाला बरं नाही का?" त्या म्हणाल्या, "आता उतरलाय की ताप. पाचसहा दिस होता."

पाचसहा दिवस. त्या दिवसांत मी त्यांच्याशी रोज आठ वेळा बोलले होते आणि प्रत्येक फोन 'काळजी घ्या' म्हणून ठेवला होता. त्या शब्दांत कोणाची, हे मी कधी सांगितले नव्हते. त्यांनी आईची असे समजून घेतले, आणि ते बरोबरच होते.

मावशी बऱ्या झाल्या, पण जिना चढताना त्यांना धाप लागू लागली आणि वर्षभराने त्या काम सोडून मुलाकडे गेल्या. आम्ही काही रक्कम दिली. ती पुरेशी होती का, हे मला ठाऊक आहे आणि ते इथे लिहिण्याचे धाडस मला होत नाही. 'क्वारंटीन'मधली सत्काराची थैली आता मी पूर्वीसारखी वाचू शकत नाही. डॉक्टरची शरम मला आधी उदात्त वाटली होती. आता वाटते की शरमेनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरने काय केले, हा प्रश्न बेदींनी मुद्दाम आपल्यावर सोडला आहे.

त्या गटाने गेल्या वर्षी पुस्तिकेची नवी आवृत्ती काढायचे ठरवले आणि अनुवाद तपासायला माझ्याकडे पाठवला. 'कोपिंग'ला मला अजूनही एक शब्द सापडलेला नाही. मी 'निभावणे' केले आहे, कारण ते कोणाच्या तरी आधाराने होते. शेवटच्या पानावर एक चौकट घालावी असे सुचवले. तिच्यात घरातल्या काळजी घेणाऱ्या माणसाविषयी पाच प्रश्न आहेत: तिचा ताप कोण मोजते, ती कधी झोपते, तिच्या घरी कोण आहे, तिची रजा कधी, आणि आजीच्या गोळ्या कुठून येतात. संपादकांनी विचारले की शेवटचा प्रश्न या यादीत कसा आला. तो प्रश्न माझा नाही, असे मी कळवले. तो ठेवायचा असे ठरले आहे.